पैसे आले, हे कुणी सांगितलं?

नाशिक रोडला माझ्या मावशीचं पोळीभाजी केंद्र आहे. दहा बाय बाराचा गाळा, पुढे काउंटर, मागे दोन शेगड्या आणि पोळ्या लाटायला दोन बायका. दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका सकाळी तिला फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, आवाज भारदस्त. देवळाली कॅम्पातून बोलतोय, जवानांची तुकडी बाहेरगावाहून आली आहे, दोन दिवस दुपारचं जेवण हवं, रोज ६० थाळ्या. मावशीने थाळीचे १२० रुपये सांगितले. त्याने घासाघीस केली नाही. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, कँटीनचं कार्ड आणि आधार कार्ड आलं. देवळालीत तोफखान्याचं केंद्र आहे, लष्कराच्या गाड्या त्या रस्त्याने रोज जातात. तिला शंका यावी असं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजेपर्यंत १८० पोळ्या, मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, वरण आणि भात तयार होता. डबे भरणं चालू असतानाच फोन वाजला. गाडी निघाली आहे, त्याआधी दोन्ही दिवसांचे पैसे देऊन टाकतो, म्हणाला. फक्त लष्कराच्या खात्यातून पैसे सोडायची पद्धत वेगळी असते, आधी समोरचं खातं पडताळावं लागतं. तुम्ही १ रुपया पाठवा, आम्ही २ पाठवतो. मावशीने रुपया पाठवला आणि खरंच दोन आले. मग व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडचं चित्र आलं. हा स्कॅन करा, १४,४०० जमा होतील. तिने दुसऱ्या फोनवर ते चित्र धरून स्कॅन केलं, रक्कम आधीच भरलेली होती, पिन टाकला आणि खात्यातून १४,४०० गेले. तिने लगेच सांगितलं की पैसे जमा व्हायच्या ऐवजी गेले. तो अजिबात गडबडला नाही. एंट्री अडकली आहे, म्हणाला, पुन्हा एकदा करा, दोन्ही रकमा एकदम सुटतील. तिने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा बोट पिनवर जाणार तेवढ्यात पोळपाटावरून मान वर करून लाटणारी बाई म्हणाली, "ताई, पैसे त्यांनी द्यायचेत ना? मग पिन तुम्ही का टाकताय?"

त्या बाईकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता. यूपीआय तिने कधी वापरलं नव्हतं. तरीही या प्रकरणात मला जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं तिने त्या एका प्रश्नात सांगून टाकलं.

ही युक्ती नवी नाही आणि फक्त देवळालीचीही नाही. जिथे छावणी आहे तिथे 'आर्मीवाला' फोन करतो. जिथे मोठं इस्पितळ आहे तिथे डॉक्टर असल्याचं सांगतो. केक करणाऱ्या, फुलांच्या माळा पुरवणाऱ्या, फर्निचर विकणाऱ्या, पाण्याचे जार पोचवणाऱ्या अनेकांना असे फोन येऊन गेले आहेत. झारखंडमधलं जामताडा आणि हरयाणा-राजस्थानच्या सीमेवरचा मेवात हे भाग अशा टोळ्यांमुळे देशभर बदनाम झाले. टोळीतल्या माणसाला तुमचं नाव, धंदा आणि नंबर नकाशावरच्या दुकानाच्या नोंदीतून मिळतो. गिऱ्हाईक सापडावं म्हणून आपण जी माहिती हौसेने भरतो, तीच त्याची यादी. ती काढून टाकता येत नाही, कारण धंदा तिच्यावर चालतो. म्हणून फोन येणार हे धरूनच चालावं लागतं.

आता त्या दोन रुपयांचं आणि पिनचं नीट समजून घेऊ, कारण यंत्रणा कशी चालते हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या युक्त्या आपोआप उघड्या पडतात.

यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ही संस्था ते चालवते. त्यातला पिन म्हणजे चेकवरची सही. आपल्या खात्यातून पैसे काढायला आपली परवानगी, असा त्याचा अर्थ. आपल्या खात्यात कुणी पैसे भरत असेल तर आपल्या सहीची गरज काय? बँकेच्या काउंटरवर कुणी तुमच्या खात्यात रोख भरली तर बँक तुम्हाला बोलावून सही घेत नाही. इथेही तेच. पैसे येताना पिन लागत नाही, स्कॅन लागत नाही, ओटीपी लागत नाही, कुठलंही बटण दाबावं लागत नाही. तुम्ही झोपलेले असलात तरी पैसे येतात.

क्यूआर कोडचं तर आणखी सोपं आहे. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला हा चौकोन तयार केला. आपल्या दुकानावर चिकटवलेल्या चौकोनात पैसे कुठे पाठवायचे तो यूपीआयचा पत्ता असतो, नाव असतं आणि कधी कधी रक्कम असते. पाकिटावर पत्ता लिहावा तसं. तो स्कॅन केला की उघडतो तो पैसे पाठवायचाच पडदा. पैसे 'घेण्यासाठी स्कॅन करा' असं कुणी म्हणालं की तिथेच समजायचं.

आणि ते दोन रुपये? विश्वास विकत घ्यायची ती किंमत होती. आपण पाठवलेला रुपया दुप्पट होऊन परत आला की पुढची रक्कमही येईल असं मन धरून चालतं. त्यात मावशीचा भोळेपणा नाही. गिऱ्हाइकाने एकदा शब्द पाळला की दुसऱ्यांदा उधारी द्यायची, हाच तर बाजाराचा रिवाज आहे. भामट्याने तोच रिवाज दोन मिनिटांत उरकून घेतला.

यूपीआयमध्ये आणखी एक सोय होती, समोरच्याकडे पैसे मागण्याची विनंती पाठवायची. 'पैसे मिळवण्यासाठी मान्य करा' असं सांगून लोकांकडून त्या विनंतीला पिन टाकून घेतला जाई. शेवटी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी विनंती पाठवणं बंद केलं. एक दार लागलं. क्यूआरचं दार मात्र लावता येत नाही, कारण आपला सगळा धंदा त्यातूनच आत येतो.

मावशीच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त खटकलेली बाब वेगळीच आहे. त्या दोन दिवसांत तिला जे जे कळलं ते सगळं त्याच माणसाने कळवलं होतं. तो कोण आहे, हे त्याने सांगितलं. कार्ड त्याने दाखवलं. लष्कराची पैसे द्यायची पद्धत त्याने समजावली. एंट्री अडकली, हेही तोच म्हणाला. तिने स्वतःच्या वाटेने एकही गोष्ट तपासली नाही. धंद्यावर होणाऱ्या फसवणुकीचे जेवढे प्रकार मी पाहिले, त्या सगळ्यांत ही एक गोष्ट सारखी निघाली. पैशाची खबर समोरच्याच्या हातून घेतली गेली.

आपल्या जुन्या पेढीवाल्यांना हे पक्कं माहीत होतं. हुंडी हा नुसता कागदाचा तुकडा, तो घेऊन माणूस शेकडो कोस जाणार आणि परक्या पेठेत रोख उचलणार. मग खोटी हुंडी कशी ओळखायची? हुंडी लिहिणारा सावकार पैसे देणाऱ्या पेढीला वेगळं सूचनापत्र धाडत असे. हुंडी आणणाऱ्याच्या हातात ते पत्र नसे. रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरात लिहीत आणि वर 'निमे अमुक, त्याची दुप्पट अमुक' असंही लिहीत, म्हणजे एक शून्य वाढवून भागत नसे. शहाजोग हुंडीचे पैसे तर पेठेतल्या नावाजलेल्या, पत असलेल्या असामीमार्फतच मिळत, कुणाही वाटसरूला नाही. तोच शब्द पुढे मराठीत भलेपणाचा आव आणणाऱ्या माणसासाठी रूढ झाला, हे मला फार बोलकं वाटतं. पत असलेला आणि पत असल्याचं दाखवणारा यांच्यातला फरक ओळखणं हेच पेढीवरचं मुख्य काम होतं.

ते सूचनापत्र आज आपल्याकडेही येतं, फक्त आपण ते उघडत नाही. आपलं बँकेचं ॲप, आपल्या खात्याचा उतारा आणि पैसे आले की बोलणारा दुकानातला डबा ही आपली सूचनापत्रं. गिऱ्हाइकाच्या फोनवरची बरोबरची हिरवी खूण ही त्याने आणलेली हुंडी.

हुबेहूब यूपीआय ॲपसारखी दिसणारी खोटी ॲप आहेत. नाव आणि रक्कम टाकली की ती हिरवा पडदा दाखवतात, वर आवाजही करतात, आणि प्रत्यक्षात एक पैसाही हलत नाही. संध्याकाळी सात वाजता किराणा दुकानात पाच जण उभे असताना असा फोन समोर धरला जातो. दुकानदार मान हलवतो, माणूस तेलाचा डबा उचलून निघून जातो. त्याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे खोटा संदेश. 'चुकून ५०० ऐवजी ५,००० गेले, बाकीचे परत करा ना,' असं गयावया करणारा फोन येतो आणि पाठोपाठ बँकेने पाठवल्यासारखा जमा रकमेचा संदेश. तो संदेश दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो. बँकेचे संदेश तसे येत नाहीत, ते इंग्रजी अक्षरांच्या छोट्या नावाने येतात. पण घाईत ते कोण बघतं? त्यामुळे संदेश वाचून ठरवूच नये. खात्यातली शिल्लक पाहावी. जास्तीचे पैसे खरंच आले असतील तर त्याला त्याच्या बँकेकडे तक्रार करायला सांगावं. तुम्ही स्वतःहून उलटे पाठवायला जाऊ नये.

बोलणाऱ्या डब्याविषयी थोडं सांगतो, कारण अनेकांना तो निव्वळ सोयीचा वाटतो. त्या डब्यात स्वतःचं सिमकार्ड असतं. गिऱ्हाइकाच्या फोनशी त्याचा काहीच संबंध नसतो. रक्कम तुमच्या नावावर नोंदली गेली की सेवा देणारी कंपनी थेट त्या डब्याला कळवते आणि तो बोलतो. म्हणजे ती आपली स्वतःची खबर झाली. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रात्रीतून काही दुकानांच्या आणि एका पेट्रोल पंपाच्या क्यूआर कोडवर दुसरेच कोड चिकटवले गेले होते. सकाळी गिऱ्हाइकं नेहमीप्रमाणे पैसे देत राहिली आणि ते तिसऱ्याच्याच खात्यात जात राहिले. स्कॅन केल्यावर भलतंच नाव दिसतंय, असं गिऱ्हाइकाने विचारलं तेव्हा प्रकार कळला. अशा वेळी दुकानातला डबा बोलत नाही. पैसे दिल्याचं गिऱ्हाईक शपथेवर सांगतं आणि ते खरंही असतं. डबा गप्प असेल तर नेटवर्कला दोष देण्याआधी आपला कोड तपासा. शटर वर केलं, उदबत्ती लावली की स्वतःच्या फोनने स्वतःचा कोड स्कॅन करून नाव पाहायचं. पुढे काही भरायचं नाही, फक्त नाव पाहायचं. अर्धं मिनिट लागतं. कोड काचेच्या आतल्या बाजूने लावला तर त्यावर दुसरा चिकटवणं अवघड जातं. कोडवरचं नाव पुतण्याचं आणि पाटीवरचं नाव आजोबांचं, असं असेल तर ते आधी बदलून घ्या, नाहीतर भलतं नाव दिसलं तरी गिऱ्हाईक ते खपवून घेतं.

काउंटरवरची फसवणूक शेकड्यांत किंवा हजारांत जाते. बिलांची फसवणूक लाखांत जाते, आणि तिच्यात कुणी फोनसुद्धा करत नाही.

समजा इचलकरंजीतला एक कारखानदार सूत दरमहा एकाच व्यापाऱ्याकडून घेतो. व्यवहार ई-मेलवर चालतो. त्या व्यापाऱ्याच्या ई-मेलचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागतो. चोर काहीच हालचाल करत नाही, नुसता वाचत बसतो. बिल कधी जातं, रक्कम किती असते, 'सप्रेम नमस्कार' लिहितात की 'डिअर सर', सगळं त्याला कळतं. मग नेमक्या बिलाच्या दिवशी नेमक्या रकमेचं बिल येतं, खाली एक ओळ जास्तीची असते. ऑडिट चालू असल्याने जुनं खातं तात्पुरतं बंद आहे, या वेळी रक्कम खालील खात्यात भरावी. कधी मेल खऱ्याच पत्त्यावरून येतो, कधी एका अक्षराच्या फरकाने. इंग्रजीतले छोटे 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी लिहिले की 'एम' सारखे दिसतात, आणि फोनच्या पडद्यावर तर फरक कळतच नाही. पैसे जातात. आठ दिवसांनी खरा व्यापारी विचारतो, बिलाचं काय झालं?

यात आपण अडाणी ठरलो असं कुणाला वाटू नये. लिथुएनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कासने २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक या कंपन्यांनाच असं लुबाडलं. त्या दोघी तैवानच्या एका कंपनीकडून यंत्रसामग्री घेत. त्याने त्याच नावाची कंपनी लाटवियात नोंदवली आणि खोटी बिलं पाठवली. दोघींनी मिळून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. जिथे हिशेब तपासायला अख्खा विभाग आहे तिथे बिल खपलं, कारण बिलावरचं खातं त्याच बिलावरून खरं मानलं गेलं.

उपाय साधा आहे, पण तो दर वेळी करावा लागतो. खातं बदलल्याचा निरोप आला की त्या निरोपातल्या नंबरवर फोन करायचा नाही. आपल्या वहीतल्या जुन्या नंबरवर करायचा आणि ज्या माणसाचा आवाज ओळखतो त्याच्याशी बोलायचं. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना ज्याच्या खात्यात पैसे जाणार आहेत त्याचं बँकेत नोंदलेलं नाव आधी पाहता येतं. त्याआधी वर्षानुवर्षं केवळ खाते क्रमांकावर पैसे जात, नाव आपण काहीही लिहिलं तरी चाले. आता नाव पाहायची सोय आहे आणि त्याचे पैसे लागत नाहीत. हिशेब पाहणाऱ्या मुलाला ती दाखवून द्या. मालकाच्या नावाने व्हॉट्सॲपवर 'मीटिंगमध्ये आहे, या खात्यात लगेच ८०,००० टाक' असा निरोप आला तर त्याने मालकाला फोन करावा, आणि फोन केला म्हणून मालकाने त्याच्यावर डाफरू नये. ज्या दुकानात मालकाला उलट विचारायची नोकराला भीती वाटते, तिथे चोराचं काम सोपं होतं.

सरकारी नावाने येणाऱ्या गोष्टींचं थोडक्यात सांगतो. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि ती सरकारच्या एकाच संकेतस्थळावर होते. शोधताना वरती जाहिरातीत जी हुबेहूब स्थळं येतात आणि हजार-दोन हजार मागतात, ती खासगी दुकानं आहेत. मुद्रा कर्ज बँका देतात. त्याच्या 'मंजुरीपत्रा'साठी आधी पैसे भरा म्हणणारा माणूस चोर आहे. केंद्रीय जीएसटीच्या अधिकाऱ्याचं समन्स किंवा पत्र जीएसटी संकेतस्थळाबाहेरून आलं तर त्यावर दस्तऐवज ओळख क्रमांक असायला हवा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ही पद्धत नोव्हेंबर २०१९ पासून लागू केली आणि तो क्रमांक खरा आहे की नाही ते मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. नव्या व्यापाऱ्याचा जीएसटी क्रमांकही तसाच तपासता येतो. तो पंधरा अंकी-अक्षरी असतो, सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०, पुढची दहा स्थानं पॅनची. पण क्रमांकाची ठेवण बरोबर आहे म्हणजे माणूस खरा, असं धरू नये. जीएसटी संकेतस्थळावर तो टाकून नाव आणि पत्ता जुळतो का ते पाहावं. व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं सांगून 'डिजिटल अटक' करणाऱ्यांविषयी एकच वाक्य पुरे आहे. अशी अटक कायद्यात नाही, फोन ठेवून द्यावा.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइलींचं मात्र ठासून सांगतो. लग्नाची पत्रिका, गाडीचं चलन, मालाची यादी अशा नावाने एखादी फाइल येते आणि नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरं असतात. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. एकदा बसलं की फोनवर येणारे संदेश, म्हणजे ओटीपीही, ते परस्पर पुढे पाठवतं. ज्या फोनवर धंद्याचं बँक खातं आहे तो फोन पोरांच्या खेळाला देऊ नये आणि त्यावर अशी फाइल उघडू नये. परवडत असेल तर बँकेसाठी वेगळा स्वस्त फोन आणि वेगळं सिम ठेवावं. बँकेच्या संकेतस्थळाची एक नवी खूण सांगतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाचे करायला सांगितले होते. तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो.

एका प्रकाराविषयी फार कमी बोललं जातं, आणि त्यात दुकानदार कुणाकडून फसला हे त्याला कळतही नाही. माझ्या ओळखीच्या एका मोबाइल रिचार्जवाल्याकडे एक तरुण आला. आईला दवाखान्यात ठेवलंय, रोख हवी, एटीएम बंद आहे, तुमच्या क्यूआरवर २०,००० टाकतो, मला रोख द्या, वर २०० तुमचे. डबा बोलला, खात्यात पैसे दिसले, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्याने रोख दिली. बारा दिवसांनी त्याचं खातं गोठलं. ते २०,००० दुसऱ्या राज्यातल्या कुणाचे तरी चोरलेले होते. तक्रारीचा माग काढत पोलिसांची सूचना याच्या बँकेपर्यंत आली आणि बँकेने खातं थांबवलं. घाऊक व्यापाऱ्याला दिलेले चेक परत गेले. त्याचा काही गुन्हा नव्हता, तरी कुठल्याशा लांबच्या ठाण्याला पत्रं पाठवत त्याचे दोन महिने गेले. दुकानदाराने रोख विकायची नाही, आपलं काम माल विकायचं आहे. मोठी रक्कम घेतली तर त्यापुढे बिल असलं पाहिजे, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर पाहिजे. उद्या कुणी विचारलं तर, हे पैसे मला या मालाचे मिळाले, असं दाखवायला तो कागदच कामी येतो. चालू खातं 'महिन्याच्या भाड्याने' मागणारेही भेटतात. त्यांना दिलेलं खातं चोरीच्या पैशाची गोणी होतं आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

आता पैसे गेलेच तर काय? पुन्हा मावशीकडे जावं लागेल.

त्या दिवशी तिने कुणालाच सांगितलं नाही. डबे घेऊन कॅम्पाच्या फाटकाशी गेलेला मुलगा रिकाम्या हाताने परत आला, तिथे त्या नावाचं कुणी नव्हतं. साठ जणांचं जेवण तिने आजूबाजूला वाटलं आणि 'ऑर्डर रद्द झाली' म्हणून सांगितलं. काकांना कळू नये म्हणून फोन बंद ठेवला. मला तिने दुसऱ्या दिवशी रात्री सांगितलं, तेही रडत, आणि पहिलं वाक्य होतं, "कुणाला बोलू नकोस." तिला वाटलेली लाज मी समजू शकतो. पण तो दीड दिवस तिच्या २८,८०० रुपयांपेक्षा महाग पडला, असं मी आजही म्हणतो, कारण पैसे परत मिळण्याची जी काही शक्यता असते ती पहिल्या एक-दोन तासांतच असते.

१९३० हा नंबर दुकानात भिंतीवर लिहून ठेवा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेचा तो नंबर आहे. तुम्ही फोन करता तेव्हा व्यवहाराचा क्रमांक विचारतात. यूपीआयचा असेल तर तो बारा आकडी असतो आणि ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. तक्रार नोंदली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवलं जातं आणि ती खात्यात उरलेली रक्कम जागीच अडवते. चोराने ती पुढे सरकवली असेल तर सूचना पुढच्या बँकेकडे जाते, मग त्याच्या पुढच्या. पैसे एटीएममधून रोख निघाले की साखळी तुटते. म्हणजे ही शर्यत आहे, आणि आपण धावायला कधी सुरुवात करतो एवढंच आपल्या हातात असतं. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार करायची, स्वतःच्या बँकेला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची.

बँकेच्या जबाबदारीविषयी गैरसमज फार आहेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी घुसखोरी होऊन तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले, आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमच्यावर काहीच बोजा पडत नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजी दिवसात कळवलं तर लघुउद्योगाच्या चालू खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार सोसावा लागतो. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. मावशीने पिन स्वतः टाकला होता. तिचे पैसे आम्ही तक्रार करेपर्यंत तीन खाती ओलांडून रोख निघाले होते. ते परत आले नाहीत.

त्यानंतर सहा महिने तिने फोनवरची एकही मोठी ऑर्डर घेतली नाही. तीसच्या वर थाळ्या म्हटलं की नाही म्हणायची. त्यात किती खरी गिऱ्हाइकं गेली, कोण जाणे. हे नुकसान कुठल्या तक्रारीत लिहिता येत नाही, आणि मला ते २८,८०० पेक्षा मोठं वाटत होतं. शेवटी एका दुपारी बसून आम्ही एका वहीत पहिल्या पानावर तिची पद्धत लिहिली. ऑर्डर कुणाचीही असो, निम्मे पैसे आधी. पैसे आपल्या क्यूआरवर. डबा बोलला आणि बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच कणीक भिजवायची. देणाऱ्याने सांगितलेलं दुसरं काहीही करायचं नाही.

मागच्या फाल्गुनात देवळाली कॅम्पातून फोन आला. बाई होती, हिंदीत बोलत होती, नवरा सैन्यात, घरी डोहाळजेवण, पन्नास माणसं, पुरणपोळी हवी. मावशीचा चेहरा उतरला हे मी समोर बसून पाहिलं. तिने वही ओढली, पहिलं पान उघडलं आणि पन्नास जणांचा हिशेब सांगून निम्मे पैसे आधी लागतील म्हणाली. बाई "हो, ठीक आहे" म्हणाली. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग डबा बोलला. मावशीने हात पदराला पुसले, चष्मा लावला, बँकेचं ॲप उघडून रक्कम दोनदा वाचली, आणि आत हाक मारून हरभऱ्याची डाळ किती आहे ते विचारलं.